एका घरचे दोन अर्ज

राजारामपुरी, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. निशिगंधा हिस,

अनेक आशीर्वाद. मामीचेही यातच धर. ती गुडघ्याला तेल लावत बसली आहे.

परवा फोनवर तू म्हणालीस की कागलच्या वसाहतीत दागिन्यांची कंपनी सुरू होते आहे, तिथे उत्पादन समन्वयकाची एक जागा आहे, अर्ज कसा करायचा ते सांगा. फोनवर मी सांगणार नाही. फोनवर तुम्ही सगळी व्हय व्हय म्हणता आणि ठेवला की विसरता. पत्र लिही. हुपरीहून इथे पत्र यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा वेळ विचाराला बरा.

नोकरीभर मी शिरोलीच्या फाउंड्रीत भरतीचे अर्ज वाचले. ज्याला पत्र लिहिता येत नाही त्याला अर्ज लिहिता येत नाही, एवढेच मला खात्रीने कळले. लोक गॉगल घातलेला फोटो लावत. एकाच्या ई-मेलच्या पत्त्यात ढाण्या वाघ होता. एकाच दुकानातून टाइप करून घेतलेले गठ्ठेच्या गठ्ठे येत. त्यात सगळ्यांना वाचनाची आणि क्रिकेटची आवड, सगळ्यांना आव्हानात्मक वातावरणात काम करायचे. अशांना मी भट्टीजवळ नेऊन उभे करत असे. एकाने आमच्या अर्जावर शेजारच्या कारखान्याचे नाव तसेच ठेवले होते. त्याला मी शेजारी पाठवला.

तू आधी मराठीत लिही. इंग्रजी मी करीन. मराठीत जे खोटे वाटते ते इंग्रजीत खपून जाते, म्हणून आधी मराठी.

कळावे. लोभ आहेच, शिस्त वाढावी.

तुझा
धोंडीराममामा


हुपरी
१६ फेब्रुवारी २०२५

ती. धोंडीराममामांस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कारातला निम्मा मामींच्या गुडघ्यांना.

अर्ज सोबत आहे. इथल्या कॉम्प्युटरवाल्याकडे बायोडाटाचा एकच नमुना होता. त्यात उंची, रंग, कुलदैवत आणि मामाकुळ असे रकाने होते. मी रंग खोडला. मामाकुळात तुमचे नाव होते, ते राहू दिले.

शिक्षणात बी.कॉम., २०१७ असे लिहिले. अनुभवाच्या रकान्यात काय लिहावे सुचेना. घरी असते, असे लिहिले. पैंजणांचा धंदा सम्राट बघतो, आम्ही त्याला मदत करतो, हेही लिहिले. शेवटी वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असे लिहून सही केली आहे.

घरी बरे नाही. सम्राटची ठरत आलेली सोयरीक मोडली. मुलगी जयसिंगपूरची होती. त्यांनी निरोप पाठवला की घरचा धंदा असलेला मुलगा नको, पगारवाला हवा. आई दोन दिवस जेवली नाही. सम्राट जेवला.

मामा, ही जागा मला हवी आहे. जाहिरात पेपरात आली होती. घरोघर काम वाटणे, माल गोळा करणे, वजन जुळवणे, नवे नमुने काढणे, व्यापाऱ्यांशी बोलणे, असे तिथे कामाचे वर्णन आहे. रोज मी जे करते ते मी पहिल्यांदाच छापलेले वाचले. त्या कामाला नाव असते हे मला माहीत नव्हते. ते कात्रण मी डब्यात ठेवले आहे. शेवटची तारीख ३१ मार्च.

लोभ असावा. लाल शाई जरा कमी असावी.

तुमची
निशिगंधा


कोल्हापूर
२२ फेब्रुवारी २०२५

चि. निशिगंधा हिस,

आशीर्वाद.

लाल शाई कमी करता आली नाही. कागद परत पाठवतो आहे.

कुलदैवत काढ. मामाकुळ काढ. माझे नाव बघून तुला कोणी नोकरी देणार नाही, मुलगाही देणार नाही. माहिती खरी आहे ही शेवटची ओळ काढ. खोटे लिहिणाराही त्याच ओळीखाली सही करतो.

हे किरकोळ झाले. मुख्य चूक अशी की २०१७ पासून आजपर्यंत तुझ्या कागदावर काहीच नाही. अर्ज वाचणारा माणूस मोकळ्या जागेत सगळ्यात वाईट ते भरतो. आजारी असेल, आळशी असेल, कुठून तरी काढून टाकली असेल. घरी असते हा अनुभव नव्हे, तो पत्ता झाला.

आणि आम्ही मदत करतो म्हणजे काय? आम्ही म्हणजे कोण? आई? शेजारीण? मला त्या घरात कोण काय करते ते कळले पाहिजे. जे तू केलेस तिथे मी म्हण. त्याचा परिणाम काय झाला ते लिही. आधी काय होते, मग काय झाले. विशेषणे नकोत. मेहनती, प्रामाणिक, जिद्दी हे प्रत्येक कागदावर असते आणि एकदाही पटत नाही.

आपल्याकडच्या मुलींचा हाच दोष मी नेहमी बघितला. काम विचारले की घर सांगतात.

लांब लिही. कापायचे काम माझे.

कळावे. लोभ आहे म्हणून रागावतो.

तुझा
धोंडीराममामा


हुपरी
२ मार्च २०२५

ती. धोंडीराममामांस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिताना मी उठून दार लावून घेतले. मी हा शब्द इतक्या वेळा लिहायचा म्हणजे चोरून काही खाल्ल्यासारखे वाटते.

२०१७ साली मी एम.कॉम.ला विद्यापीठात प्रवेश घेतला होता. त्याच पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला. सम्राट पुण्याला कोर्सला होता. मी शिक्षण सोडले. दोन वर्षे वडिलांना उठवणे, बसवणे, भरवणे मी केले. तुम्ही येत होता तेव्हा बघितलेच आहे. पण ते अर्जात बसत नाही.

वडील बाजेवरून सांगायचे आणि मी करायचे, असे काम शिकले. चांदी आटवणे आणि तार ओढणे आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत होते. कड्या जोडणे आणि त्यांचे सांधे झाळायचे काम गल्लीतल्या बायका घरी नेऊन करतात. मी त्यांना चांदी तोलून देते आणि माल तोलून घेते. दिलेले आणि आलेले कधीच जुळत नाही. कानस मारताना चांदीचा कीस उडतो, त्याला आम्ही घट म्हणतो. आमची घट फार यायची. व्यापारी ती आमच्या मजुरीतून कापायचा आणि वडील त्या बायकांच्या.

बायका चोरतात असे सगळे म्हणायचे. मी एक महिना प्रत्येकीच्या घरी जाऊन बसले. कोणी चोरत नव्हते. कीस शेणाच्या जमिनीत जात होता, लुगड्याला लागून धुण्यात जात होता. मी प्रत्येक घरी एक जाड मांजरपाटाचे कापड दिले. त्याच्यावर बसायचे, ते कधी धुवायचे नाही, कधी झटकायचे नाही. दिवाळीच्या आधी सगळी कापडे गोळा करून जाळायची आणि राखेतून चांदी काढायची. आता घट पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली आहे आणि बायकांचे काही कापत नाही. गल्लीतल्या धोंडुबाई म्हणतात, सासूच्या तेराव्यालासुद्धा एवढ्या जपून बसले नव्हते.

नमुने मी काढते. जाळीचा एक नमुना राजकोटचा व्यापारी चार वर्षे सारखा मागतो. त्यांच्याशी हिंदीत मी बोलते. निपाणीकडच्या व्यापाऱ्यांशी कानडीत बोलते, ती आजीमुळे येते. जीएसटीचे कागद मी भरते. माल पोचवायला सम्राट जातो, कारण बाईमाणूस चांदी घेऊन एसटीत बसली तर बरे दिसत नाही, असे आई म्हणते.

एक गोष्ट लिहू की नको कळत नाही. पैंजणाच्या फाशावर, म्हणजे ते अडकवतात त्या कडीवर, घराची छाप असते, कर्त्या पुरुषाच्या नावाचे अक्षर. वडील होते तेव्हा के होता. ते गेल्यावर आईने स करून घेतला. ती छाप मीच मारते, जोडीतल्या दोन्ही पैंजणांवर.

ही शेवटची गोष्ट खोडावी.

लोभ आहे हे लाल शाईवरून कळते. तो असाच राहावा.

तुमची
निशिगंधा


कोल्हापूर
९ मार्च २०२५

चि. निशिगंधा हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी चष्मा पुसला. इतकी वर्षे अर्ज वाचले, असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी उठून साहेबाच्या केबिनमध्ये गेलो असतो.

इंग्रजी कागद सोबत जोडला आहे. एकच पान. कापडाची गोष्ट वर घेतली, नमुने त्याखाली, भाषा शेवटी. वडिलांच्या आजारपणासाठी शिक्षण सोडले, हे एका ओळीत घातले आहे. तू म्हणालीस ते अर्जात बसत नाही. बसते. मोकळी जागा अशीच भरायची असते. छापेबद्दलचे खोडले.

काल तुझी आई आणि सम्राट येऊन गेले. अंबाबाईला आले होते, तिथून इकडे. सम्राट मामीशी बोलत बसला आणि तुझी आई माझ्याजवळ बसली. तुझा कागद टेबलावर होता. तिने विचारले, मी वाचून दाखवला. मग बराच वेळ ती घराबद्दल बोलत होती. सम्राटलाही काही सांगा म्हणाली. बघतो म्हणालो.

तू हा कागद इतक्यात पाठवू नकोस. अजून हात फिरवायचा आहे. शेवटची प्रत मी पाठवीन, तीच जाऊ दे.

कळावे. लोभ आहे.

तुझा
धोंडीराममामा


हुपरी
१४ मार्च २०२५

ती. धोंडीराममामांस,

शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. मी तो कितीदा वाचला ते सांगत नाही, तुम्ही हसाल. इंग्रजीत माझी ओळख करून दिल्यावर मलाच उठून उभे राहावेसे वाटले.

आईला वाचून दाखवायला गेले. ती गच्चीवर चटणीच्या मिरच्या वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, म्हाईत हाय, दादानं वाचून दाखवलंय. तुम्ही तिला वाचून दाखवलेत ते बरे केले. माझ्या तोंडून तिला ते पटले नसते. तेव्हापासून ती माझ्याशी फार गोड बोलते. काल माझ्यासाठी न सांगता तांबडी साडी आणली. मी विचारले काय काढलेस, तर म्हणाली काय न्हाय, नेस.

सम्राटही बदलला आहे. रोज रात्री घट म्हणजे किती, चांदीचा टंच कसा बघतेस, कापडे कधी जाळतेस, असे विचारतो. सोयरीक मोडल्यावर तो धंद्यात लक्ष घालतो आहे, असे दिसते. मी नोकरीला गेले तर त्यालाच हे बघावे लागणार, म्हणून मी सगळे नीट सांगते.

शेवटची प्रत कधी पाठवता? तारीख जवळ आली.

लोभ असावा, टपालही वेळेवर असावे.

तुमची
निशिगंधा


कोल्हापूर
२० मार्च २०२५

चि. निशिगंधा हिस,

आशीर्वाद.

घाई हा अर्जातला सगळ्यात मोठा दोष. घाईचा कागद हातात घेतल्याबरोबर कळतो.

तुझ्या ई-मेलच्या पत्त्यात चांदणी हा शब्द आहे, तो बदल. साधे नाव आणि आडनाव हवे. तुझी माहिती देऊ शकेल अशा दोन माणसांची नावे द्यावी लागतात. राजकोटच्या व्यापाऱ्याला आधी विचार. न विचारता कोणाचे नाव देऊ नये. त्याचे उत्तर येईपर्यंत थांब. समास एकसारखे नाहीत. अक्षराचा आकार दोन ठिकाणी वेगळा आहे. सोबतचे पत्र अजून लिहायचे आहे आणि ते त्याच कंपनीसाठी लिहिलेले वाटले पाहिजे.

पुढच्या गुरुवारी मामीला घेऊन वाडीला दत्ताला जातो आहे. तिचा नवस आहे. परत आल्यावर बघतो.

एक विचार कर. कागल रोजचे येणे-जाणे. तुझ्या आईला कोण? नोकरी मिळाली म्हणजे सगळे झाले असे नसते. मी फक्त सुचवतो.

कळावे. लोभ आहे.

तुझा
धोंडीराममामा


हुपरी
२९ मार्च २०२५

ती. धोंडीराममामांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमची शेवटची प्रत आली नाही. तुम्ही वाडीला असाल, फोन लागला नाही.

मी काल अर्ज पाठवला. तुमच्या पहिल्या कागदावरून कॉम्प्युटरवाल्याच्या शेजारी बसून शब्दन् शब्द टाइप करून घेतला. ई-मेलचा पत्ता नवा काढला. राजकोटवाल्यांना विचारले. ते म्हणाले, बेटी, पूछना क्या. समास पट्टीने मोजले.

न विचारता पाठवला म्हणून रागावू नका. वाक्य एकही बदलले नाही. बदलण्यासारखे काही नव्हते, सगळे खरेच होते.

लोभ असावा. मामींचा नवस फळावा.

तुमची
निशिगंधा


हुपरी
१७ एप्रिल २०२५

ती. मामांना,

सम्राटचा सा. नमस्कार. तुम्ही पत्रच लिहा म्हणता म्हणून लिहितोय, चुका पोटात घाला.

कंपनीत मुलाखत चांगली झाली. दोघं होते, एक साहेब आणि एक बाई. तुम्ही केलेला कागद त्यांच्या पुढ्यात होता. कापडाचं वाचून साहेब लई खूष झाले, ही आयडिया आम्हाला इथं वापरायची म्हणाले. घटीचं खोदून खोदून विचारलं. निशाकडून सगळं घेतलं होतं म्हणून निभावलं. तिला वाटलं मी धंद्यासाठीच विचारतोय.

वडलांसाठी शिक्षण सोडलं ते वाचून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी मुलं आता राहिली न्हाईत म्हणाल्या. मी खाली बघत बसलो. ती ओळ तुम्ही काढाल असं मला वाटलं होतं.

निशाला अजून सांगितलेलं न्हाय. आई म्हणते पक्कं झाल्यावर सांगू, आधी बोलली तर पोरगी रडून घर डोक्यावर घेईल. पण तिचा बी अर्ज गेलाय म्हणं, आणि तिला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तुम्ही थांबवतो म्हणाला होता. आता काय करायचं ते लवकर कळवा.

जयसिंगपूरवाल्यांकडं आईनं निरोप धाडलाय.

माया असू द्या.

तुमचा
सम्राट


हुपरी
२७ एप्रिल २०२५

धोंडीराममामांस,

नमस्कार.

मी आईने आणलेली तांबडी साडी नेसून गेले होते. कागलच्या स्टँडपासून चालत गेले, म्हणून लवकर पोचले. आत एक साहेब आणि एक बाई होत्या. मी नमस्कार केला. बाईंनी मला बसा म्हटले नाही. त्यांनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवला.

मी वाचत गेले. कापडाची गोष्ट वर, नमुने खाली, भाषा शेवटी. राजकोटची जाळी होती. वडिलांचे आजारपण होते. फक्त डोक्यावर सम्राटचे नाव होते.

बाईंनी विचारले, हे कोण? भाऊ, म्हणाले. त्यांनी विचारले, यातले कोणाचे खरे? त्याचा कागद मार्चच्या मध्यालाच आला होता, माझा नंतर. हे त्यांनी शांतपणे सांगितले, जसे तुम्ही समासाबद्दल सांगता.

मामा, तुम्ही दोन महिने मला मी म्हणायला शिकवलेत. तिथे ते म्हणायची वेळ आली. मी तोंड उघडले आणि म्हणाले, "त्यात लिहिलंय ते सगळं खरं हाय." साहेबांनी विचारले, मग तुमच्यातले? मी म्हणाले, "ते बी खरं हाय. आमच्यात काम घराचं असतंय."

घरी इतके शुद्ध बोलणारी मी, तिथे आईसारखी बोलले.

हे मी सम्राटवरच्या मायेने केले असे समजू नका. मी खरे सांगितले असते तर दोघांचाही कागद केराच्या टोपलीत गेला असता आणि आई पुन्हा जेवली नसती, एवढेच डोळ्यांपुढे आले. ते किती चटकन आले याचेच मला वाईट वाटते.

साहेब हसले. वाईट नव्हते हसणे. ते म्हणाले, भावाचे उतरवून काढले तर काढले, निदान वाक्ये तरी पुढेमागे करायची, अर्ज करणाऱ्यांची ही नेहमीची चूक. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ज्या भावाने घरासाठी शिक्षण सोडले त्याच्याच आड येताना काही वाटले नाही का?

मी बाहेर आले. एसटीत बसल्यावर आठवले, वडील जाण्याच्या आदल्या रात्री लघवीचे भांडे मीच धरले होते. सम्राट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला.

घरी आल्यावर मी काही विचारले नाही. आईने पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "बसून घे. तू कुठंबी निभावशील. त्याला कोण इचारणार हाय?" मग मिरच्या गोळा करायला वर गेली.

काल कंपनीचे पत्र आले. तुमचा अर्ज वाचून आनंद झाला, पुढे योग्य संधी आल्यास विचार करू, तोवर आमच्या दप्तरी ठेवत आहोत, असे आहे. सम्राटचे परवाच आले. पेढे वाटून झाले.

निशिगंधा


कोल्हापूर
४ मे २०२५

चि. निशिगंधा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून फार वाईट वाटले. जे घडले ते तसे घडायला नको होते.

तुझी आई त्या दिवशी माझ्यासमोर पदर पसरून बसली होती. धाकटी बहीण आहे. अशा वेळी काय सुचणार? मजकूर तयार होता. घर एकच, काम एकच. त्यात खोटे असे काही लिहिले गेले नाही. सम्राट त्या घरातलाच आहे. कागद दोन झाले खरे, पण तुझा जाणार नाही असे धरले होते, म्हणजे प्रश्नच आला नसता. वडिलांची ती ओळ काढायची राहून गेली. एवढ्या गडबडीत अशा गोष्टी राहतात.

तुला अजून खूप संधी आहेत. तू हुशार आहेस, हे मीच पहिल्यांदा सांगितले. त्याचे वय निघून चालले होते. जयसिंगपूरवाले पुन्हा बोलायला तयार आहेत. तू मनाने मोठी आहेस म्हणूनच तिथे तसे बोललीस, याचा मला अभिमान वाटला.

आता एक मागणे. सम्राटला दर शनिवारी कंपनीत अहवाल द्यावा लागतो. त्याला ते जमत नाही आणि तू त्याच्याशी बोलत नाहीस, असे तुझ्या आईने सांगितले. लग्न होईपर्यंत तरी तेवढे लिहून देत जा. सहा महिन्यांत कायम करतात. घराच्या अब्रूचा प्रश्न आहे.

मामी तुझी आठवण काढते. ये एकदा.

कळावे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
धोंडीराममामा


जयसिंगपूर
१८ मे २०२५

श्री. धोंडीराम यांस,

नमस्कार.

तुमचे ४ तारखेचे पत्र परत पाठवते आहे. लाल शाई माझी आहे. तुम्ही माफीसाठी अर्ज केला आहे असे समजून मी ते वाचले.

पहिली चूक. पत्रात घडले, राहून गेले, लिहिले गेले, धरले होते असे आहे. कोणी? शोधूनही माणूस सापडला नाही. तुम्ही मला विचारले होते, आम्ही म्हणजे कोण. मी दार लावून उत्तर लिहिले होते. मला त्या टेबलापाशी कोणी काय केले ते कळले पाहिजे.

दुसरी. मार्चमधले तुमचे दिवस मोकळे आहेत. माझ्या समासात आणि माझ्या ई-मेलच्या पत्त्यात तुम्ही चुका काढत होता तेव्हा त्याचा कागद कंपनीत पोचलेला होता. मोकळ्या जागेत वाचणारा सगळ्यात वाईट ते भरतो. मी भरले आहे.

तिसरी. विशेषणे. मी हुशार, मनाने मोठी. विशेषण एकदाही पटत नाही, हे तुमचेच.

चौथी. अर्जाच्या शेवटी लगेच मागणे आले. माफीच्या कागदावर शनिवारच्या अहवालाची मागणी बसत नाही. तो वेगळा कागद करायला हवा होता.

माहिती खरी आहे ही ओळ तुम्ही का काढायला लावलीत ते आता समजले.

मी इथे एका चांदीच्या पेढीवर लागले आहे. अर्ज मागितला नाही. कोणाच्या घरची, एवढे विचारले, आणि लग्न कधी करणार ते विचारले. सांगितले. बिले लिहिते. माझ्या कामातले इथे काही नाही. नमुने मालकांचा मुलगा मुंबईहून आणतो. पेढीच्या वरच्या खोलीत मालकांच्या विधवा बहिणीबरोबर राहते. खिडकीतून स्टँड दिसतो.

निघायच्या आधी घरची हातातली ऑर्डर पुरी केली. छाप मारली नाही. कोऱ्या फाशाचा माल गेला. छापेचा ठसा आईच्या हातात दिला. तिने तो आधी पदराने पुसला, मग सम्राटला हाक मारली. तो कामावर गेला होता.

गल्लीतल्या कापडांचे काय करायचे ते धोंडुबाईंना सांगून आले आहे. सम्राटला विचारू नका म्हणाले.

तुमचा अर्ज वाचला. पुढे योग्य संधी आल्यास विचार करू. तोवर दप्तरी ठेवत आहे.

मामींना नमस्कार. तो त्यांनाच द्यावा.

निशिगंधा केरबा


कोल्हापूर
२५ मे २०२५

चि. निशिगंधा,

पत्र पोचले. लाल पेन घेऊन बसलो होतो.

चूक सापडली नाही.

धोंडीराम